भाड्याच्या घरातला बदाम

आमच्या भाऊजींना गिऱ्हाईक पटवणं कधी जमलंच नाही. रोपवाटिकेत माणूस पाकीट काढून उभा असायचा आणि हे त्याची उलटतपासणी घ्यायचे. "घर स्वतःचं की भाड्याचं? किती वर्षं राहणार आहात?" कुणी दोन-तीन वर्षं म्हणालं, की ते त्याला थेट शेवटच्या फळीकडे न्यायचे. तिथे पाटीवर 'सक्युलंट' असं लिहिलं होतं. भाऊजी त्यांना जाडपानी म्हणत. "ही न्या. पंधरा दिवसांतून एकदा पाणी. लाड केलेत तर कुजतील, विसरलात तर जगतील. घर बदललं की उचला आणि चालू लागा."

आणि कुणी म्हणालं, आता आम्ही कायमचे इथेच, की स्वारी खुलायची. मग सावलीचं झाड कसं लावावं यावर अर्धा तास प्रवचन. भिंतीपासून दहा फूट लांब, नाहीतर मुळं पाया उचलतात. पहिली तीन वर्षं तान्ह्या बाळासारखं जपायचं. पाणी खोडाशी ओतायचं नाही, भोवतीने द्यायचं. आधाराला काठी लावायची, पण सैल बांधायची. "सहा-सात वर्षांनी खाली खुर्ची टाकून बसाल तेव्हा माझी आठवण काढा." गिऱ्हाईक तोवर घड्याळाकडे बघत असायचं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं एकाच रोपवाटिकेत. तीन मालक बदलले, हे तिथेच. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांच्या नखांतली माती निघाली नव्हती, असं ताई सांगायची. मूलबाळ झालं नाही. माझं आणि त्यांचं कधी फारसं जमलं नाही. मी तोंडाची फटकळ, आणि ते असे घुमे, की सरळ प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत माझा चहा गार व्हायचा.

ताईचं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. पुढे छोटं अंगण आणि खिडकी नेमकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर खोलीची भट्टी व्हायची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ताईने खिडकीसमोर झाड मागितलं होतं. भाऊजी म्हणाले होते, "भाड्याच्या घरात झाड लावू नये. दोन वर्षांत आपलं घर होईल, तिथे लावू." ती दोन वर्षं सव्वीस वर्षं चालली. साऱ्या गावाला सावली देणाऱ्या माणसाच्या अंगणात काय, तर जाडपानीच्या अकरा कुंड्या! मी त्यावरून त्यांना किती टोमणे मारले असतील. ताई हसायची, पण झाड काही विसरली नव्हती.

मग ताईचं दुखणं निघालं. दवाखान्यात चार महिने गेले आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, आवडेल ते द्या. मी कारखान्यात काजं-बटणं करते. तिथून बिनपगारी रजा काढली आणि ताईकडे येऊन राहिले. तिची खाट आम्ही खिडकीशी लावली, कारण तिला बाहेरचं दिसायला हवं होतं. संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर यायचं. मी पडदा लावायला गेले तर म्हणाली, "नको गं छोटे. पडदा लावला की मी आत्ताच गेल्यासारखी वाटते."

तिसऱ्या दिवशी भाऊजी कामावरून आले, उंबऱ्याशी बसून बूट काढायला लागले. ताई म्हणाली, "अहो, समोर एक झाड लावा ना. सावलीचं."

भाऊजी नाडी सोडत होते. मान वर न करता, दिवसभराच्या सवयीने बोलून गेले, "किती वर्षं राहणार..."

आणि थांबले. हातातली नाडी हातातच राहिली. ताईच हसली. म्हणाली, "सांगा, काय उत्तर देऊ?"

स्वयंपाकघरात मी त्यांना धारेवर धरलं. "जिभेला काही हाड आहे का तुमच्या?" ते भांडी विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलं काय, तर जाडपानीची बारावी कुंडी! टपोरी, हिरवीगार. ती खिडकीत ठेवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना अंगणात गाठलं. "मरणाऱ्या माणसाचं एवढंही ऐकता येत नाही?"

त्यांनी एका कुंडीतलं वाळकं पान खुडलं. मग म्हणाले, "झाड आणलं तर ती ते रोज बघेल. आणि ते रोज तेवढंच दिसेल. सात वर्षं लागतात गं त्याला. हे जाडपानी निदान आजच पूर्ण आहे."

ताईने मात्र उत्तर दिलं, तिच्या पद्धतीने. गोळी घेतली की उरलेलं पाणी ती हात लांबवून त्या कुंडीत ओतायची. दिवसातून पाच वेळा. मी म्हटलं, "अगं, कुजेल ते." ती म्हणाली, "कुजू दे."

तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी, पारदर्शक झाली. भाऊजींनी बोटाने दाबून पाहिलं तर पान फुटून पाणीच आलं.

"तुला माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस वर्षं तुमच्याबरोबर राहिलेय. माहीत होतं म्हणूनच केलं. आता झाड आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बदाम आणला. कमरेएवढा, मोजून नऊ पानं, पण एकेक पान पंजापेक्षा मोठं. एवढ्या कडक उन्हात जमिनीत लावला तर मुळं धरायची नाहीत, म्हणून तूर्त कुंडीतच. खिडकीबाहेर विटा रचून त्यांनी त्यावर कुंडी ठेवली. साडेतीन वाजता ऊन आलं आणि एका पानाची सावली ताईच्या कपाळावर पडली.

"पडली बघ," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

दहा मिनिटांत सावली उशीवर सरकली. भाऊजी बाहेर गेले आणि कुंडी थोडी बाजूला घेतली. सूर्य आणखी उतरला तशी खालची एक वीट काढली. तेव्हापासून ते रोज अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायचे, बाहेर पालथ्या बादलीवर बसायचे आणि दिवस बुडेपर्यंत कुंडी सरकवायचे. शेजारी हसायचे. हसोत. मी एकदाही टोमणा मारला नाही.

एका दुपारी ताईने खिडकीतून विचारलं, "अहो, मग हा जमिनीत लावाल ना?"

"लावीन. दहा फुटांवर, तिथे."

"भाड्याचं घर आहे."

"असू दे."

"किती वर्षं राहणार आहात?"

भाऊजींनी कुंडीवरचा हात काढला नाही. "त्याला लागतील तेवढी," म्हणाले. ताई त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

त्यानंतर आठवड्याने, पावणेपाचच्या सुमाराला, मी तिच्या उशाशी बसून तिचे केस सारखे करत होते. तिने एक श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. मी वाट पाहिली. नाकाशी हात धरला. मग भाऊजींना हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ऊन तिच्या भुवईवर आलं. बाहेर भाऊजी गुडघ्यावर हात टेकत उठले, एक वीट काढली, कुंडी टेकवली आणि थोडी फिरवली. बाहेरच्या उजेडातून त्यांना आतलं नीट दिसत नसे, म्हणून ते नेहमी मला विचारायचे.

"आली का गं बरोबर?"

सावली बरोबर कपाळावर आली होती. मी आयुष्यभर या माणसाला तोडून बोलले होते.

"आली, भाऊजी," मी म्हटलं.

ते पुन्हा बादलीवर बसले. कुंडीखाली अजून दोन विटा होत्या. त्या संपेपर्यंत मी त्यांना हाक मारली नाही.