इलाबाईचे आईबाप आणि रामदासपेठेतला बंगला

इलाबाईचं खरं नाव इल्झे. पण नागपूरच्या तांडापेठेत ते कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. तिची सासू गोदूबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "इल्झे म्हनजे काय वं? कोनी शिंकल्यावानी वाटते." आणि तिने सुनेची इलाबाई करून टाकली.

गोदूबाईचा एकुलता मुलगा जागेश्वर. विणकराचं पोर, सहासष्ट साली मशीनचं काम शिकायला जर्मनीला गेला आणि चार वर्षांनी एक डिप्लोमा आणि एक नर्स घेऊन परत आला. डिप्लोमाकडे गोदूबाईने पाहिलं नाही. नर्सला मात्र दारातच थांबवून वरून खालपर्यंत पाहिलं आणि मुलाला विचारलं, "हिले वरन-भात चालते का?" चालतं असं कळल्यावर आत घेतलं.

मी त्यांच्या समोरच राहायची. शाळेत भूगोल शिकवायची. ऱ्हाईन नदी कुठे उगम पावते आणि कुठे मिळते, हे दरवर्षी पोरींकडून घोकून घ्यायची. त्या नदीकाठची बाई आता माझ्या समोर, अंगणातल्या दोरीवर जागेश्वरच्या चड्ड्या वाळत घालताना दिसायची. दोन वर्षांत तिची भाषा अशी तयार झाली की आंधळ्या माणसाने ती उमरेडची म्हणून शपथ घेतली असती. पुढचं सगळं तिनेच मला सांगितलेलं आहे. शेवटचा अर्धा भाग मी डोळ्यांनी पाहिला.

तिचा बाप वाल्टर तिकडे ट्राम चालवायचा. लग्नाच्या दिवशी त्याने मुलीला सांगितलं होतं, "सहा महिन्यांत रडत परत येशील." आई एर्नाने मान फिरवली होती, ते जास्त लागलं होतं. म्हणून नागपुरातून पहिलं पत्र लिहायला बसली, तेव्हा इलाबाईने गल्लीतली तीन बिऱ्हाडं, अंगणाच्या कोपऱ्यातला सगळ्यांचा मिळून एक संडास आणि घरातल्या हातमागाचा दिवसभराचा खटखटाट हे सगळं गाळलं. जागा भरायला एक बंगला लिहिला. पुढच्या पत्रात बंगल्याला बाग आली. मग बागेत संत्र्याची झाडं आली. एकदा तर तिने हरणही लिहिलं होतं, पण ते खोडलं. आठ वर्षांत त्या पत्रांमध्ये तिला साधी सर्दीसुद्धा झाली नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये तार आली. वाल्टर निवृत्त झाला होता, आणि दोघं दोन आठवड्यांसाठी येत होती.

"आता खरं सांगून टाक," जागेश्वर म्हणाला.

"तुमी चूप बसा," इलाबाई म्हणाली.

जागेश्वर हिंगण्याच्या कारखान्यात फोरमन होता, शंभर माणसांवर ओरडायचा. घरी आल्यावर मात्र तो चूपच बसायचा. इलाबाईने सदरमधल्या एका हॉटेलात खोली घेतली. सासूला सांगितलं, "आत्याबाई, दवाखान्यात डबल ड्युटी लागली. दोन हप्ते तिकडंच झोपनार." आईबाप येणार हे तिने सांगितलंच नाही. चार दिवस हॉटेल, मग आग्रा-दिल्ली, आणि तिकडूनच विमानात बसवून द्यायचं, आणि जावयाला कारखान्यातून सुटी मिळत नाही असं त्यांना सांगायचं, असा बेत होता.

टॅक्सी ठरवली भैय्याजीची. पहिल्या दिवशी महाराजबाग. वाघ पिंजऱ्यात पालथा पडला होता. वाल्टरने बराच वेळ पाहून निकाल दिला, "हा मेलेला आहे." अंबाझरीच्या तळ्यावर म्हणाला, "आमच्याकडे मोठं आहे." सेमिनरी हिल्सवर म्हणाला, "याला टेकडी म्हणतात?" एर्ना खिडकीतून सायकलरिक्षावाल्यांच्या पोटऱ्या पाहत होती.

दुसऱ्या दिवशी वाल्टरने विचारलं, "आणि तुझं घर?"

इलाबाईने तयारी केली होती. रामदासपेठेत एका बंगल्यापुढे तिने टॅक्सी थांबवली. मोठी बाग, कमानीचा व्हरांडा. "हे बघा. आत दुरुस्ती चालू आहे, म्हणून तुम्हाला हॉटेलात ठेवलं."

तेवढ्यात बंगल्याचे मालक, गोपाळराव नावाचे निवृत्त इंजिनिअर, बनियन आणि धोतरात, हातात खुरपं घेऊन फाटकापाशी आले. "कोण पाहिजे?"

इलाबाई क्षणभरही अडखळली नाही. "साहेब, हे जर्मनीचे पाहुने. यायले जुने बंगले पाहाचा लय शौक हाय. तुमच्यासारखा बंगला म्हने तिकडं नाही."

गोपाळरावांची छाती फुगली. त्यांनी फाटक उघडलं. बापाने विचारलं, "हा कोण?"

"माळी," इलाबाई म्हणाली.

गोपाळरावांनी सगळा बंगला फिरवून दाखवला. देवघर दाखवलं, वडिलांची तसबीर दाखवली, स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. इलाबाई मधे उभी राहून दोन्हीकडून भाषांतर करत होती, आणि दोन्हीकडे वेगवेगळं. निघताना वाल्टरने गोपाळरावांच्या पाठीवर थाप मारली, त्यांच्या बनियनच्या गळ्यात एक चिरूट खोचला आणि म्हणाला, "बाग छान ठेवली आहेस. पण आत बसून मालकाच्या कपातून चहा पिणं बरं नव्हे."

"ते म्हंतात, तुमची तब्येत चांगली हाय," इलाबाई म्हणाली.

गोपाळरावांनी हात जोडले. टॅक्सीत भैय्याजी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता.

तिसऱ्या दिवशी पोळा होता, आणि चौथ्या दिवशी मारबत. त्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन अजस्र बाया कागद-बांबूच्या करून मिरवतात, शिव्या घालतात आणि शेवटी जाळतात. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे. सारी तांडापेठ त्या मिरवणुकीत असते. त्यामुळे इलाबाईने भैय्याजीला बजावलं होतं, की काहीही झालं तरी मिरवणूक निघते त्या इतवारीकडे जायचं नाही, गाडी सरळ स्टेशनला न्यायची. संध्याकाळी आग्र्याची गाडी होती.

पण लांबून ढोल ऐकू आला आणि वाल्टरने विचारलं, "ते काय आहे?"

"लग्न," इलाबाई म्हणाली.

भैय्याजीला जर्मन येत नव्हतं, पण वाल्टरने बोट कुठे दाखवलं ते कळलं. त्याने गाडी वळवली. "म्याडम, चार दिवस तुमचं ऐकलं. पन मारबत नाही दाखवली तं नागपूर काय दाखवलं? मले पाप लागन."

दहा मिनिटांत गाडी गर्दीत रुतली. समोरून पिवळी मारबत डुलत येत होती. गुलाल, ढोल, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी, "खोकला, ताप, रोगराई घेऊन जाऽ गे मारबत!" वाल्टर चांगला सहा फुटी, लाल तोंडाचा, खिडकीतून अर्धा बाहेर. एका पोट्ट्याने त्याला पाहिलं आणि ओरडला, "अबे, यंदाचा बडग्या टॅक्सीत बसून आला!" लगेच आरोळी उठली, "इंग्रजाले घेऊन जाऽ गे मारबत!"

मी तिथून वीस पावलांवर होते. माझ्या शेजारी गोदूबाई होती, डोक्यावर पदर, कपाळभर गुलाल. तिने आधी टॅक्सी पाहिली. मग टॅक्सीच्या मागच्या सीटवर खाली वाकून लपलेली सून पाहिली. लोकांना कोपराने ढकलत ती खिडकीपाशी पोचली.

"काहून वं? ड्युटी करून राहिली का थितं खाली?"

इलाबाईने डोकं वर केलं. "आत्याबाई..."

"हे कोन?"

आता भाषांतरात गाळायला काही उरलं नव्हतं. "माहे माय-बाप हाय," इलाबाई म्हणाली.

गोदूबाई गप्प झाली. तिला गप्प झालेली मी त्याआधी फक्त नवऱ्याच्या मयतीत पाहिली होती. मग ती गर्दीकडे वळली आणि ढोलाच्या वर आवाज काढून गरजली, "ए भैताडहो! इंग्रज नाही, जर्मन हाय! माहा इवाई हाय तो! कोनी नाव घेतलं तं याद राखा!" लगेच वाल्टरला कोणीतरी टॅक्सीतून ओढून बाहेर काढलं, गुलालाने माखलं आणि ढोलापुढे उभं केलं. तो नाचला. ट्राम चालवावी तसा, दोन्ही हात पुढे धरून, पण नाचला.

तासाभराने सगळी वरात आमच्या गल्लीत आली. गोदूबाईने इवाई-इहिणीचे, म्हणजे व्याही-विहिणीचे, पाय धुतले आणि सुनेशी एक शब्द बोलली नाही. एर्ना हातमागाचा खड्डा, खाट, कौलातून येणारा उजेड बघत घरभर फिरली. अंगणात जाऊन संडासही उघडून पाहिला. मग मुलीसमोर येऊन बसली.

"बंगला कोणाचा होता?"

"माळ्याचा."

"का लिहिलंस असं?"

"बाबा म्हणाले होते ना, रडत येशील. मग मी काय लिहिणार? संडास अंगणात आहे, असं?"

"आपलाही अंगणातच होता," एर्ना म्हणाली. "तू नऊ वर्षांची होईपर्यंत. एका हिवाळ्यात तुझा बाप दारू पिऊन त्यात पडला होता. मी आणि शेजारणीने दोरीने काढला."

इलाबाई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. गोदूबाईला राहवलं नाही. "काय म्हंते?" तिने विचारलं. इलाबाईने सांगितलं, आणि या वेळी एक शब्द गाळला नाही. गोदूबाईने गुलालाने माखलेल्या इवायाकडे नीट पाहिलं आणि इहिणीच्या मांडीवर हात मारला. "माहाही पडला होता. पन आमी लवकर नाही काढला."

आग्रा राहिलं. दोघं नऊ दिवस गल्लीतच राहिली. एर्ना आणि गोदूबाई बटाट्यावरून रोज भांडायच्या, एक जर्मनमध्ये आणि एक वऱ्हाडीत, आणि दोघींना आपण जिंकलो असं वाटायचं. वाल्टर हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. तीन दिवसांत त्याने वीतभर कापड आणि सतरा गाठी काढल्या. इलाबाई एकदा गोपाळरावांची माफी मागून आली. ते महिनाभर रागावले, कारण त्यांनी तोवर सगळ्या रामदासपेठेत सांगून टाकलं होतं की जर्मन तज्ज्ञ बंगला पाहून गेले.

सोनेगावच्या विमानतळावर निरोप द्यायला अर्धी गल्ली गेली. वाल्टर मुलीला म्हणाला, "सहा महिने मी चुकीचे मोजले." माफीच्या जवळ जाणारं त्याला तेवढंच जमलं, आणि तिने तेवढ्यावर भागवलं.

त्यानंतर इलाबाईत एक फरक पडला. आठ वर्षं ती गल्लीत कोणाला दुखवत नव्हती, सगळ्यांना हो म्हणायची. पाहुण्यासारखी वागायची, आता मला वाटतं. आईबाप गेल्याच्या पुढच्या सोमवारी गल्लीतल्या वच्छलाबाईने सार्वजनिक नळावर तिची बादली नेहमीसारखी मागे सरकवली. इलाबाईने बादली उचलून पुन्हा पुढे ठेवली, पदर खोचला आणि वच्छलाबाईच्या तीन पिढ्यांचा उद्धार असा काही केला, की नळ वाहत राहिला आणि कोणी पाणी भरेना.

गोदूबाई दारात उभी होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आयकलं का मास्तरीनबाई? आता सुदरून राहिली."