पाच दिवसांचा दिवा

“गेली ती गेली गो. आता गोळ्या खाऊन परत बोलवतेस काय?”

बोंबील वाळत घालताना काकी आईला म्हणाली. मी वाळवणाच्या बांबूंच्या दोन वलांड्या सोडून पलीकडे होते. त्यांना वाटलं, मला ऐकू येत नाही. आई हसली आणि म्हणाली, परत येऊ दे, निदान झोप तरी लागते.

आईची पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. रात्री ती घामाने भिजून उठायची. दिवसा उंबऱ्याला अडखळायची. एकदा धक्क्याच्या पायऱ्यांवर पडलीही. शेवटी बोईसरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासण्यांनंतर त्यांनी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या. या गोळ्यांनी घाम कमी होईल, हाडांनाही मदत होईल, पण पायांतली ताकद आणि तोल गोळीतून मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यासाठी व्यायाम लिहून दिला. आणि रक्त गेलं तर लगेच यायचं, असं बजावलं. त्या हिंदी-इंग्रजीत बोलत होत्या. मी सगळं आईला नीट समजावलं, रक्ताचं मात्र ‘तसं काही झालं तर’ एवढंच म्हणाले.

आयुष्यभर डोक्यावर पाटी वाहिली, आता कसला व्यायाम, असं आईचं म्हणणं होतं. पण पाटी आता टेम्पोतून जाते आणि आई बाजारात दिवसभर बसून असते, हे तिलाही माहीत होतं. भात शिजेपर्यंत ती खुर्चीवरून हात न टेकता उठायची, बसायची. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायची. ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभी राहायची. सुरुवातीला चार मोजेपर्यंत. दोन महिन्यांनी वीसपर्यंत, तेही बोट न लावता. काकी यायची तेव्हा तिला बगळा म्हणायची.

मग एका संध्याकाळी आईने मला देवापुढे दिवा लावायला सांगितलं. आमच्या घरात हे असंच कळतं. कोणी काही विचारत नाही. पाच दिवस संध्याकाळी मी दिवा लावला. सहाव्या दिवशी आईने डोक्यावरून पाणी घेतलं आणि स्वतः लावला.

पाळीच आली, एवढंच तिचं मत होतं. रक्त जाणं आणि पाळी येणं या तिच्या लेखी वेगळ्या गोष्टी नव्हत्या. तिने दिवस पाळले आणि विषय संपवला. डॉक्टरांना फोन करू का, असं मी एकदाच विचारलं.

“नको गो,” ती म्हणाली. “गोळी बंद करतील. परत ते रात्रीचं मला नाय झेपायचं.”

पाळी, रक्त जाणं, असल्या शब्दांशी माझी ओळख शाळेतली, इंग्रजीतली. मराठीत ते मी कधी कोणापुढे उच्चारलेच नव्हते.

पुढच्या तपासणीला आईने चपला काढून डॉक्टरांसमोर एका पायावर उभं राहून दाखवलं. त्यांनी मोजलं. चोवीस. त्यांनी शाबासकी दिली, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि बाकी काही त्रास, मध्ये रक्त वगैरे गेलं का, असं विचारलं. आई म्हणाली, काही नाही. कंपाउंडरबाई दारातच उभ्या होत्या. आई चपला घालत होती, माझ्याकडे न बघता.

मी मराठीतच म्हणाले, “मॅडम, गेल्या महिन्यात आईला पाच दिवस रक्त गेलंय.”