आलेखाची शेपटी

"ही शेपटी कापून टाक, मग सही करतो," सर म्हणाले.

शेपटी म्हणजे माझ्या आलेखाचा उतरता भाग. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट होता तो. तारेचे तुकडे घातलेली काँक्रीटची तुळई भार वाढवत नेल्यावर कशी तडकते, ते कॉम्प्युटरवर काढायचं. कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर ठेवून जावं लागे. तिथे बसून मी तुळईचे बारीक चौकोन पाडले होते आणि गणितात घातलं होतं, की तडा गेला तरी चौकोनाने लगेच हात टेकायचे नाहीत. तारा तडा धरून ठेवतील, भार हळूहळू सुटेल. त्यामुळे रेघ शिखरावरून कोसळण्याऐवजी उतरत जाई.

सरांना ते पटेना. "काँक्रीट तडकलं की संपलं. इतकी वर्षं लॅबमध्ये काय बघतोय आपण?"

त्यांची सही नाही तर प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही तर डिग्री नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सरांपुढे माझं वाक्य कधी पुरं होत नसे. तरी म्हणालो, "सर, नाही... म्हणजे, नाही कापणार."

"मग खरी तुळई तोडून दाखव."

कॅम्प पाचच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्या शेटकडून सळ्या बांधायची बारीक तार आणली. कशाला हवी ते ऐकून तो म्हणाला, "चूरा करेगा? करके वापस मत लाना, भाई!" बेलवलीच्या आमच्या खोलीत आई आणि मी पकडीने तुकडे पाडत बसलो. तिच्या अंगठ्याला फोड आला. "काँक्रीटवर कोथिंबीर पेरतोस होय रे?" ती म्हणाली, आणि पुन्हा पकड उचलली.

आमच्या लॅबची एक रीत होती. 'कट्' असा आवाज आला की तुळईवर भार देणाऱ्या मशीनवरचे दादा झडप उघडून तेलाचा दाब सोडत, काट्यावरचा भाराचा आकडा लिहीत, तुळई बाहेर. साध्या काँक्रीटला तेवढं पुरे. म्हणूनच तड्यानंतर काय होतं ते तिथे कुणी पाहिलंच नव्हतं.

ते तुकडे घालून ओतलेली माझी तुळई वाजली. दादांचा हात झडपेकडे गेला.

"दादा, सोडू नका!" मी एवढ्याने ओरडलो की सर दचकले.

"अरे, काटा पडला ना!"

"पडू दे. पंप मारा, हळू."

काटा पडला, आणि मध्येच थांबला. दादा पंप मारत राहिले. तडा रुंदावत गेला, तुळई वाकत गेली, पण दोन तुकडे होईनात. तड्यात ताणलेल्या तारा दिसत होत्या. एकेक सुटून येत होती. मी आकडे घेत गेलो.

ते आलेखावर मांडले. खरी शेपटी माझ्या कॉम्प्युटरच्या शेपटीपेक्षा बरीच आखूड निघाली.

"बघ," सर म्हणाले, "चुकलंच तुझं."

"चुकलं, सर. तार गुळगुळीत होती, मी धरली त्याहून लवकर सुटली. पण शेपटी आहे."

"मग ही ठेव, कॉम्प्युटरची काढ."

"दोन्ही ठेवणार, सर. एकाच कागदावर."

त्यांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग पेनाचं टोपण काढलं. "परीक्षकांनी धुतलं तर मी मध्ये पडणार नाही हं."

"चालेल, सर."

सहीची शाई वाळायच्या आत मी कागद उचलला.