राजाच्या बागेतली माफी

बुद्धप्रिया शिवशरण ही आमच्या कोरियाच्या सहलीची टूर मॅनेजर. वय बत्तीस, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. सोलापूरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसातून आम्ही एकोणीस जण निघालो होतो. मी जेऊर स्टेशनात तिकीट खिडकीवर एकतीस वर्षं बसले. माणूस समोर येऊन कसा उभा राहतो, यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते मला थोडंफार कळतं. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की ही पोरगी सगळ्यांशी हसून बोलते, बिराजदार सरांशीही हसूनच बोलते, पण त्यांच्याशी बोलताना तिचे डोळे हसत नाहीत.

गुरुलिंग बिराजदार म्हणजे सोलापुरातल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. एकाहत्तर वर्षांचे. सोबत पत्नी, विजयमाला. निवृत्त झाले तरी सरांचं शिकवणं थांबलं नव्हतं. विमानात पट्टा कसा बांधायचा हे शेजारच्याला शिकवलं, सोलला उतरल्यावर रांगेत कसं उभं राहायचं ते आम्हा सगळ्यांना शिकवलं. बुद्धप्रियाला ते 'ए मुली' म्हणायचे. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

तिनं त्यांना दोन महिन्यांपूर्वीच ओळखलं होतं. पासपोर्टच्या झेरॉक्सवर.

त्यामागची गोष्ट मला सहलीनंतर कळली, बुधवार पेठेतल्या तिच्या घरी, तिच्याकडून आणि तिच्या आईकडून, पारूबाईंकडून. पण ती आधी सांगितली तरच पुढचं नीट समजेल.

साल दोन हजार सात. बुद्धप्रिया नववीत होती. मुलांच्या मैत्रीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं निबंध स्पर्धा ठेवली होती. महाराष्ट्रातून दोन मुलं निवडायची आणि दहा दिवस कोरियाला न्यायची. विषय होता 'माझ्या गावचं पाणी'. बुद्धप्रियानं आपल्या गल्लीतल्या नळावर लिहिलं. वही तिच्या शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या बिराजदार सरांकडे दिली. सरांनी वाचून मान डोलावली, वही ठेवून घेतली.

दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात फोटो आला. सोलच्या राजवाड्याच्या दारात, तिथला घेरदार रेशमी पोशाख घालून उभी असलेली सोलापूरची विद्यार्थिनी. राजश्री बिराजदार. सरांची मुलगी, बुद्धप्रियाच्याच वर्गातली. मग शाळेच्या वार्षिक अंकात राजश्रीचा निबंध छापून आला. तो शब्द न् शब्द बुद्धप्रियाचा होता. त्यात नळावर उभी राहून पाय सुजलेली आई होती. राजश्रीच्या बंगल्यात बोअर होतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

तिचे वडील, सिद्राम, चादरीच्या कारखान्यात मागावर होते. ते शाळेत गेले. सरांनी त्यांना खुर्ची दिली नाही.

"साहेब, पोरीचं लिवलेलं हाय ते," सिद्राम म्हणाले.

"पुरावा काय? कच्ची प्रत आहे?"

"वही तुमच्यापाशीच हाय की."

"म्हणजे मी चोर?" सर म्हणाले. "मुलीला दहावीला बसवायचंय ना? दाखला खराब झाला तर कुठली शाळा घेईल? आणि एवढं काय मनाला लावून घेता? तुमच्या लोकांना पुढं सवलती मिळतीलच."

सरांनी सांगितलं तसं सिद्रामांनी माफीपत्रावर सही केली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बुद्धप्रियाला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. तिनं म्हणायचं होतं, "मी राजश्रीवर खोटा आळ घेतला. मला लाज वाटते. मी सर्वांची माफी मागते." ती पुटपुटली. सर म्हणाले, ऐकू आलं नाही. तिनं परत म्हटलं. ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा ती ओरडलीच. मागच्या रांगेतली मुलं हसली.

"त्या दिसापास्नं तिचा बाप शाळेपुढनं कवा गेला न्हाय," पारूबाईंनी मला सांगितलं. "कामाला जाताना लांबनं वळसा घालून जायचा. बारा वर्सं. मरस्तवर."

बुद्धप्रियानं वर्तमानपत्रातला तो फोटो कापून ठेवला. राजवाड्याच्या दारावरची पाटी त्यात दिसत होती, आणि खाली कोपऱ्यात तिथल्या लिपीत काहीतरी लिहिलेलं, गोल आणि काड्या. ते काय आहे ते तिला वाचायचं होतं. आधी सायबर कॅफेत, मग मोबाईलवर, पुढं पुण्यात शिकवणी लावून ती कोरियन शिकली. पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात सहा वर्षं दुभाषी होती. वडील गेल्यावर आईसाठी सोलापूरला परत आली आणि ट्रॅव्हल ऑफिसात लागली. लोकांना वाटायचं पोरीला कोरियन मालिकांचं वेड आहे. तिनं एकही धड पाहिली नव्हती.

सरांचा पासपोर्ट हातात आला तेव्हा हा ग्रुप दुसऱ्या कुणाला द्यावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. घरी आईला सांगितलं. पारूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "देऊ नगंस कुणाला. तूच जा."

सोलला पोचल्यावर पहिले तीन दिवस तिनं काय काय ठरवलं आणि सोडून दिलं, ते तिनंच मला सांगितलं. सर कट्टर शाकाहारी. भातात काय मिसळलंय ते न सांगता वाढता आलं असतं. बाजारात त्यांना चुकवता आलं असतं. "पण त्यात त्यांना कळलंच नसतं की कशासाठी," ती म्हणाली. "मला ते कळायला हवं होतं. आणि लोकांसमोर."

चौथ्या दिवशी छांगदोकगुंग राजवाडा होता.

ऑक्टोबरचा शेवट. मोठमोठी लाकडी दारं, हिरव्या-तांबड्या रंगांनी नटलेल्या वळचणी, फरसबंदी अंगणं. राजवाड्याच्या मागं राजघराण्याची बाग. तिथं कुणीही उठून जायचं नाही, वेळ ठरवून घ्यायची आणि तिथल्या गाईडबरोबर आत शिरायचं. पुढं ती कोरियन गाईड, तिच्यामागं बुद्धप्रिया मराठीत सांगणारी. चढाची वाट उतरून खाली आलो आणि सगळे जागीच थांबलो. चौकोनी तळं, मधोमध गोल बेट, बेटावर एकच वाकडा पाइन. काठावर फुलीच्या आकाराचा मंडप, त्याचे दोन खांब पाण्यात उतरलेले. मेपलची लाल पानं पाण्यावर पडत होती. विजयमालाबाई माझा हात धरून म्हणाल्या, "किती शांत आहे हो."

तळ्यापलीकडं चढावर राजाचं ग्रंथालय आणि त्याच्या पायथ्याला एक दार. मधली कमान उंच, दोन्ही बाजूंना ठेंगणी दारं. "मधलं राजाचं," बुद्धप्रियानं सांगितलं. "बाकीच्यांनी बाजूच्या दारातून वाकून जायचं."

तळ्याच्या बाजूलाच एक लांबट दालन होतं, त्याच्यापुढं मोकळी जागा. तिथं ती थांबली. "इथं राजासमोर परीक्षा व्हायच्या. देशभरातून मुलं यायची. या मैदानात बसून निबंध लिहायची. पास झालेल्याला नोकरी आणि मान."

"बघा!" बिराजदार सर मोठ्यानं म्हणाले. "गुणवत्तेला मान होता. आपल्याकडं कोण बघतंय गुणवत्ता? जातीचा दाखला दाखवा आणि आत या." मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "आमची राजश्री इथं येऊन गेली, दोन हजार सातला. निबंधात राज्यात पहिली. सोलापूरच्या पाण्यावर लिहिलं होतं तिनं."

बुद्धप्रियानं हातातली झेंडी खाली केली.

"सर, त्या निबंधाची पहिली ओळ आठवते?"

"आता इतक्या वर्षांनी..."

"मला आठवते." आणि ती म्हणू लागली, दालनाच्या पायरीवर उभी राहून, शाळेत म्हणतात तसं. "आमच्या गल्लीत पाणी पाहुण्यासारखं येतं. कधी येणार ते सांगत नाही, आणि आलं की सगळं घर उभं राहतं. माझी आई नळावर उभी राहते. तिचे पाय सुजतात, तेव्हा ती घागरीवर बसते, पण नंबर सोडत नाही..." सगळा परिच्छेद तिनं म्हटला. मग विजयमालाबाईंकडं पाहिलं. "मॅडम, तुम्ही कुठल्या नळावर उभ्या राहायचात?"

विजयमालाबाई गोंधळल्या. "आमच्याकडं तर बोअर होतं."

"मग ही आई कोण?"

सरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी तिकीट खिडकीत असा चेहरा पुष्कळदा पाहिलाय, बिनतिकिटाचा माणूस पकडला जातो तेव्हाचा.

"तू... शिवशरण?"

"सिद्राम शिवशरणची मुलगी. ज्यांना तुम्ही खुर्ची दिली नाही."

तिनं सगळं सांगितलं. वही, फोटो, माफीपत्र, प्रार्थना. आवाज चढला नाही. कोरियन गाईड घड्याळ बघत होती. बुद्धप्रिया तिला काहीतरी म्हणाली आणि ती बाजूला जाऊन उभी राहिली.

"व्हय का हो?" विजयमालाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "आपल्या राजूनं लिहिलं नव्हतं?"

"जुन्या गोष्टी आहेत," सर म्हणाले. "मुलगी लहान होती, तिची इच्छा होती..." मग एकदम उसळले. "हा काय तमाशा? मी तक्रार करीन. तुझी नोकरी घालवीन."

"घालवा. आधी म्हणा. तुम्हीच शिकवलेली तीन वाक्यं आहेत. मी खोटा आळ घेतला. मला लाज वाटते. मी सर्वांची माफी मागतो."

सर हलेनात. तेव्हा आमच्यातले माळशिरसचे ऊसवाले बाळासो, जे तीन दिवसांत जेवणाशिवाय कशावर बोलले नव्हते, ते म्हणाले, "सर, बोला की. पोरीला साऱ्या शाळंम्होरं बोलायला लावलंसा न्हवं? आमी तर एकोनीसच हाय."

विजयमालाबाईंनी त्यांचा हात सोडला आणि माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मला वाटतं त्यानं ते मोडले. मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," बुद्धप्रिया म्हणाली.

ते परत म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

म्हातारा माणूस, हातात टोपी. पुरे कर, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही तिसरं ऐकायचं होतं.

तिसऱ्यांदा ते मोठ्यानं म्हणाले. तळ्यापलीकडची परकी माणसं वळून बघायला लागली.

"चला," बुद्धप्रियानं झेंडी वर केली. "पुढं अजून बरंच आहे."

आम्ही तिच्यामागं चालू लागलो. बागेच्या शेवटी, ओढ्याच्या काठी, गवतानं शाकारलेला एक छोटा मंडप होता आणि त्याच्याभोवती वाफाभर भात. राजा स्वतः इथं भात लावायचा, तिनं सांगितलं, रयतेचं दुखणं कळावं म्हणून. बाळासो वाकून बघत म्हणाले, "राजाचं आन् येवढंच रान? येवढ्यात त्येला काय कळायचं?" कुणीतरी हसलं, मग दोघं-तिघं हसले. सर मागं एकटेच उभे होते. उरलेल्या दिवसांत विजयमालाबाई बसमध्ये माझ्याशेजारी बसल्या.

परत आल्यावर सरांनी खरंच तक्रार केली. ऑफिसच्या मालकांनी बुद्धप्रियाला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "गिऱ्हाईक आहे ते. दोन ओळी खेद व्यक्त करून दे, विषय संपवू." तिनं नोकरीचा राजीनामा लिहून दिला. आता ती घरीच कोरियन शिकवते. सकाळच्या वर्गात नऊ मुली, संध्याकाळच्या वर्गात सहा. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी संध्याकाळचा वर्ग पाऊण तास उशिरा भरतो.

मी तिला विचारलं, "वाईट नाही वाटलं? वय झालेला माणूस."

"नाही," ती म्हणाली. "बरं वाटलं. लई बरं वाटलं. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रिकामं वाटतं. मला नाही वाटलं. मला त्या दिवशी जेवण गेलं."

आणखी एक सांगायचं राहिलं. दिवाळीत राजश्रीचा फोन आला, बंगळूरहून. तिला आईनं सगळं सांगितलं होतं. बुद्धप्रियानं तो फोन मला जसाच्या तसा सांगितला.

"मला माहीत होतं गं," राजश्री म्हणाली. "मीच अप्पांना म्हटलं होतं की मला जायचंय. तिथं दहा दिवस निबंधावर कुणी काही विचारलं की मी संडासात जाऊन बसायचे."

"मग प्रार्थनेच्या दिवशी तू गप्प का होतीस?"

मग राजश्री म्हणाली, "मला माफ करशील?"

"नाही."

"कधीतरी?"

"विचारत राहा," बुद्धप्रिया म्हणाली, आणि फोन ठेवून वर्ग घ्यायला गेली.