अर्धा क्यू

त्या माणसाशी माझं पहिलं भांडण खडूवरून झालं. पूल हा टेबलावरचा बॉलचा खेळ ज्या लांब काठीने खेळतात तिला क्यू म्हणतात, आणि क्यूच्या टोकाला निळा खडू घासावा लागतो, म्हणजे ते टोक बॉलवरून निसटत नाही. घासून झालं की खडू टेबलाच्या काठावर निळी बाजू वर करून ठेवायची रीत आहे. हा माणूस तो पालथा ठेवायचा. काठ निळा व्हायचा, मग तिथे हात टेकणाऱ्याची बाही निळी व्हायची. माझी झाली. मी त्याला तसं सांगितलं. माझ्याकडे न बघताच त्याने पूल पार्लरच्या मालकाला विचारलं, हे कोण? मालक म्हणाला, आचोळ्याला राहतात, मुंबईला ऑफिसात असतात.

"अच्छा," तो म्हणाला, "फ्लॅटवाले."

तो स्वतः आगाशीचा. पिढ्यान् पिढ्यांची वाडी, केळी, फुलं, आणि हल्ली रेती-सिमेंटचं दुकान. वसई-विरारमधले निम्मे फ्लॅट त्याच्यासारख्यांच्याच दुकानातल्या मालावर उभे राहिले, पण त्यांत राहायला आलेली माणसं त्याला नको होती. माझे वडील संगमेश्वराकडून मुंबईला आले, मी मुंबईहून आचोळ्याला आलो. त्याच्या हिशेबी आम्ही दोन पिढ्या नुसते फिरतच होतो. पार्लरमध्ये सगळे त्याला भाऊ म्हणत. मी कधीच म्हटलं नाही.

पार्लर माणिकपूरला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तीन टेबलं, एका बाजूलाच लागणारा एसी, आणि भिंतीला लावलेले वाकडे क्यू. खेळायच्या आधी ते टेबलावर लोळवून बघायचे आणि त्यातल्या त्यात कमी डुगडुगेल तो उचलायचा. कॉलेजची पोरं यायची, ती बॉल फोडल्यासारखी मारायची. एक इस्टेट एजंट यायचा, तो नेम धरलेला असतानाही फोनवर बोलायचा. मी रविवारी दुपारी जायचो, भिंतीवरच्या क्यूने खेळायचो आणि बऱ्यापैकी जिंकायचो.

आगाशीवाला दर रविवारी वेगळा क्यू आणायचा. चामड्याच्या लांब पेटीतून काढायचा, मऊ कापडाने पुसायचा, आणि कुणी नुसतं बोट लावलं तरी पुन्हा पुसायचा. घरी खोली भरून क्यू आहेत असं सांगायचा. खेळायचा मात्र अंगावर येईल इतक्या सावकाश. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारणार, खाली वाकणार, पुन्हा उभा राहणार, शेवटी बॉल नुसता सरकवून माझ्यापुढे अडचण करून ठेवणार. जिंकण्यापेक्षा समोरच्याला खेळू न देण्यात त्याला जास्त गोडी होती. मी भिंतीवरचा क्यू घेतला की तो मोठ्याने म्हणायचा, साहेबांना काठी द्या.

आम्हा दोघांना एकच माणूस आवडायचा. त्यांना सगळे अंकल म्हणत. वसईच्या एका गावातले ख्रिस्ती, आयुष्यभर जहाजावर नोकरी करून परतलेले. त्यांच्याकडे एकच क्यू होता, तरुणपणी कुठल्याशा बंदरात घेतलेला. दोन भागांचा: पुढचा भाग सडपातळ आणि फिकट, मागचा जाड, मुठीच्या जागी घट्ट सूत गुंडाळलेला. मधोमध पितळी आटे होते. दोन्ही भाग फिरवून जोडले की सांधा बोटाला लागायचा नाही. ते सूत त्यांच्या तळहाताच्या घामाने काळं पडलं होतं. अंकल तो क्यू कुणालाही द्यायचे, पोरांनाही. मी पहिल्यांदा त्याने खेळलो तेव्हा हात आपोआप सरळ गेला. टोक बॉलला लागलं की आवाज हातात यायचा, कानात नंतर.

आगाशीवाल्याने तो क्यू अंकलकडे किती वेळा मागितला असेल! बदल्यात तुम्ही म्हणाल ते देतो, म्हणायचा. अंकल हसून क्यू त्याच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "खेळायला घे. ठेवायला नाही." मला हे ऐकून फार बरं वाटायचं.

मग अंकल आजारी पडले. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि आपण होऊन म्हणाले, क्यू तू घे. काही दिवसांनी ते गेले. चर्चमधली प्रार्थना आटोपून आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी आलो, तर आगाशीवाला आंटींच्या, म्हणजे अंकलच्या बायकोच्या, शेजारी उभा राहून हळू आवाजात बोलत होता. मला फक्त "क्यू" एवढा शब्द ऐकू आला. अजून माती नीट बसली नव्हती. मी त्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं. चार लोक बघत होते म्हणून तो गप्प राहिला, नाहीतर तिथेच जुंपली असती.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर आंटींनी पार्लरच्या मालकाकडून निरोप धाडला आणि दोघांनाही एकाच रविवारी बोलावलं. तो आधीच येऊन बसला होता. आंटींनी मला बस म्हटलं नाही, पण मी बसलो. टीपॉयवर कापडी पिशवीत क्यूचे दोन भाग ठेवले होते.

तो म्हणाला, अंकलनी मला शब्द दिला होता. कधी, मी विचारलं. दवाखान्यात, तो म्हणाला. मी म्हटलं, दवाखान्यात तो शब्द मला दिलाय. तो आंटींकडे वळला आणि मी खोटं बोलतोय असं त्यांना समजावायला लागला. वर हेही म्हणाला की हा क्यू याच्या फ्लॅटमध्ये गेला तर ओल लागून वाकेल, कपाटामागे पडून राहील. मी म्हटलं, तुमच्याकडे गेला तर मेल्यासारखा भिंतीवर लटकेल. मेल्यासारखा हा शब्द त्या घरात मी बोलायला नको होता, पण तो तोंडातून निघून गेला.

आंटी इतका वेळ भिंतीकडे बघत होत्या. त्यांचा राग आमच्यावर थोडा आणि अंकलवर जास्त होता. अर्धा जन्म जहाजावर काढला, म्हणाल्या, आणि परत आला तर तुमच्या त्या क्लबात. कुणाला नाही म्हणणं त्याला जमलंच नाही. मला तेवढं नाही म्हणायचा. मग त्या उठल्या, पिशवी उलटी केली, जाड भाग माझ्या मांडीवर ठेवला आणि सडपातळ भाग त्याच्या.

"दोघांना दिला ना त्याने? मग दोघं घ्या. जाताना फाटक लावून घ्या."

आम्ही रस्त्यावर आलो. त्याची मोटरसायकल सावलीत उभी होती. तो म्हणाला, इकडे द्या तो भाग, अर्ध्याचं तुम्ही काय करणार? मी म्हटलं, तुम्ही काय करणार? त्याने पुढचा भाग शर्टाच्या आत घालून मोटरसायकल सुरू केली. मी मागचा भाग वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षाने निघालो. फाटक कुणीच लावलं नव्हतं.

घरी बायकोने वर्तमानपत्र उलगडून बघितलं आणि विचारलं, हे काय, लाटणं आहे? मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, देऊन टाका त्याला, नाहीतर त्याच्याकडून मागून घ्या. दोन्ही मला शक्य नव्हतं.

अंकलच्या क्यूचे आटे जुन्या पद्धतीचे होते. बाजारात मिळणारा कुठलाच पुढचा भाग त्यात बसेना. वसई पूर्वेला एका लेथवाल्याकडून मी नवा भाग करून घेतला. बसला, पण मन लागेना. मारताना सांध्यापाशी किंचित कंप यायचा आणि आवाज हाताऐवजी कोपरात जायचा. मी आधी जिंकत होतो ते डावही हरायला लागलो. तरी भिंतीवरच्या क्यूकडे परत गेलो नाही, कारण तो बघत होता.

त्याने तर मागचा भाग शिसवी लाकडाचा करून घेतला, त्याला चांदीची कडी बसवली, आणि मिरवत पार्लरमध्ये आला. अंकलचा तो फिकट भाग त्याच्या बोटांतून मागेपुढे सरकताना मला बघावा लागला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलणं सोडलं. एकाच टेबलावर खेळायचो, पण बोलणं मालकामार्फत. त्यांना सांगा, सावली पडतेय. त्यांना सांगा, मी बघतोय त्या बाजूला उभे राहू नका. तिथेच उभा असलेला मालक ऐकून घ्यायचा आणि कुणालाच काही सांगायचा नाही.

पुढच्या हिवाळ्यात मालकाने पार्लरपुरती स्पर्धा ठेवली. आमची गाठ पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पोरं खुर्च्या ओढून बसली होती. मी पुढे होतो. दोन बॉल उरले होते, त्यातला एक पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकाच्या, तोंडाशी. मी वाकलो, मारला, बॉल पडला. बोलणं सोडल्यापासून तो पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलला.

"फाउल. तुमची बाही पांढऱ्या बॉलला लागली."

कपडा बॉलला लागला तर डाव समोरच्याकडे जातो, हा नियम खरा आहे. माझी बाही लागली नव्हती. मी कोपरापर्यंत दुमडलेली बाही त्याला दाखवली. तो पोरांकडे वळून म्हणाला, बघितलं ना तुम्ही? पोरांनी माना खाली घातल्या. मी त्याचा क्यू धरला, त्याने माझा. दोघंही खेचत होतो, आणि दोघांच्याही हातात अंकलचा एकेक भाग होता हे मला त्या क्षणी दिसलं आणि आणखी संताप आला. मालकाने येऊन आमच्या टेबलावरचा दिवा बंद केला. स्पर्धेतून दोघंही बाद, म्हणाला, आणि महिनाभर इथे तोंड दाखवू नका.

महिन्याने गेलो तर मालकाने अट घातली. एकदा बसून मिटवा, नाहीतर दोघांनीही दुसरं पार्लर शोधा. बसायचं कुठे? माझ्या घरी यायला तो तयार नव्हता. म्हणून मी विरारहून बसने आगाशीला गेलो. माझा भाग पिशवीत घेतला होता.

त्याच्या बायकोने ओटीवर चहा दिला, केळी ठेवली आणि आत निघून गेली. तो मला माडीवर घेऊन गेला. खिडक्या बंद, कोपऱ्यात हवा कोरडी करणारं यंत्र घरघरत होतं. तिन्ही भिंतींना खाचा पाडलेल्या फळ्या आणि त्यांत उभे क्यू. एक मुंबईतल्या बंद पडलेल्या क्लबातून आणलेला, एकाच्या मुठीवर शिंपल्याची नक्षी, एक इतका बारीक की काडी वाटावी. तो एकेकाबद्दल सांगत गेला, कुणाचा, कुठून आला, लाकूड कुठलं. त्याचा आवाज बदलला होता, पण तो माझ्याशी बोलत नव्हता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला ऐकू येत होतं इतकंच.

मी विचारलं, टेबल कुठंय? तो म्हणाला, टेबल कशाला हवं घरात? यातल्या कशानेच घरी कुणी खेळत नव्हतं.

एका फळीवर अंकलचा पुढचा भाग एकटाच अडकवलेला होता. शिसवी मूठ त्याने काढून ठेवली होती. खाली मागच्या भागापुरती जागा रिकामी सोडली होती. ती रिकामी जागा बघून मला जितकं बरं वाटलं तितकं त्या खोलीत कशानेच वाटलं नाही.

"आणलाय?" त्याने विचारलं.

मी पिशवीतून काढला, पण हातातून सोडला नाही. त्यानेही आपला भाग उतरवला आणि घट्ट धरला. आम्ही समोरासमोर उभे राहून आटे जुळवले. मी धरून राहिलो, त्याने फिरवलं. सांधा मिटला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. अंकलचा क्यू पूर्ण झाला, एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. त्याने अंगठा सांध्यावरून फिरवला. मीही फिरवला. काही लागत नव्हतं.

"मला दिला होता त्यांनी," तो म्हणाला.

"मलाही."

"तुम्ही खोटं बोलता."

मग त्याने सौदा सांगितला: खोलीतला कुठलाही क्यू निवडा आणि हा भाग इथे ठेवा. त्यातला शिंपल्याचा क्यू मला मनापासून आवडला होता. तो हातात घेऊन खेळावं असं आल्यापासून वाटत होतं. मी नको म्हटलं. मी त्याला म्हटलं, तुमचा भाग मला द्या, मी रोज खेळेन आणि तुम्हाला हवा तेव्हा खेळायला देईन, अंकल देत होते तसा. तो हसला. फ्लॅटवाल्यांच्या दारात क्यू मागत उभा राहू? म्हणाला.

त्याने उलट्या दिशेने फिरवायला सुरुवात केली. मी धरून राहिलो. सांधा सुटला, मी माझा भाग पिशवीत घातला आणि जिना उतरलो. चहा ओटीवर तसाच होता, साय धरलेली. बसथांब्यापर्यंत तो आला नाही, मला अपेक्षाही नव्हती.

मालकाला मी सांगितलं, मिटलं. आगाशीवाल्यानेही तेच सांगितलं असावं, कारण पुढच्या रविवारी तो शिसवी मूठ लावून आला आणि मी लेथवाल्याचा भाग लावून गेलो. अजून जातो. तोही येतो. मालकाचं डोकं खाणं आम्ही थांबवलंय, बाकी काही बदललेलं नाही.

मध्यंतरी माणिकपूरच्या बाजारात आंटी भेटल्या. पिशवीत पाव आणि भाजी होती. त्यांनी विचारलं, क्यू शेवटी कुणाकडे गेला? मी सांगितलं की अर्धा माझ्याकडे आहे, अर्धा त्याच्याकडे.

"अजून?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, दोघांतला एक तरी शहाणा निघेल."

मी म्हणणार होतो की शहाणपणाचा प्रश्नच नाही, शब्द मला दिला होता. पण त्या कोळणीशी भाव करायला वळल्या होत्या, आणि त्यांनी माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.