अप्पांनी बंद केलेलं आख्यान

मी निघाले त्या दिवशी अप्पा गोठ्याच्या दारातच उभे राहिले, फाटकापर्यंतसुद्धा आले नाहीत. अंगात शेणाचे डाग पडलेली बंडी, हातात दुधाची चरवी. मी पाया पडले आणि हुंदका फुटला, तर म्हणाले, "रडायचं असंल तर गाडीत बसून रड, बाई. इथं म्हशी बिथरतात, पान्हा चोरतात." आई त्यांच्यावर चिडली. मी मात्र रडता रडता हसले आणि गाडीत बसले.

अप्पा म्हणजे माझे वडील. कराडजवळच्या आमच्या गावात त्यांची दोन कामं, दिवसा जनावरं राखायची आणि संध्याकाळी कीर्तन करायचं. ओढ्याकाठी म्हशी सोडल्या की तिथंच चाली घोळवायच्या. "म्हशींपुढं तालीम बरी. कंटाळल्या तरी उठून जात नाहीत," म्हणायचे. फेटा बांधून, उपरणं टाकून उभे राहिले की धारा काढणारा माणूस तो हाच का, असं वाटायचं. जवळ गेलं की दुधाचा वास यायचा आणि खात्री पटायची. आईचे गुडघे दुखायला लागल्यावर भाकरीचं पीठ तेच मळायचे, आणि हे भर कीर्तनात सांगायचे. आई पदरात तोंड लपवायची.

पण त्यांचं नाव झालं ते आईबापांच्या सेवेच्या आख्यानानं. बायका डोळे पुसायच्या, पुरुष उगाच खाकरायचे. आसपासची गावं त्या आख्यानासाठीच त्यांना बोलवायची. आणि मी त्यांची एकुलती एक लेक, नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरी मिळाली म्हणून देश सोडून निघालेली! गावानं बोलायचं ते बोलून घेतलंच: लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. "पोरगी शिकवली ती काय दावणीला बांधायला?" अप्पा आईला एवढंच म्हणाले.

आइंडहोवनशेजारच्या बेस्ट नावाच्या गावात मी बिऱ्हाड थाटलं. खेमेन्तेत, म्हणजे इथल्या पालिकेत, नाव नोंदवलं, उलट्या वाऱ्यात सायकल हाणायला शिकले, लग्न झालं, मुलगा झाला. गावातलं कुणीतरी अप्पांची कीर्तनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. ऑफिसला जाताना कानात अप्पा आणि दोन्ही बाजूंच्या कुरणांत डच गाई. तुमच्यातले जे बाहेर पडले त्यांना वेगळं सांगायला नको, परक्या मुलखात आपल्या माणसाचा आवाज किती धीर देतो ते.

एका उन्हाळ्यात आई-अप्पा दोघं माझ्याकडे आले. गाई आपणहून यंत्राकडे जाऊन दूध देतात हे बघून अप्पा खूश! पण वासरं आयांपासून वेगळी ठेवलेली पाहिली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याच कुंपणापाशी बसून राहिले. गणपतीत आमच्या मराठी मंडळींनी त्यांचं कीर्तन ठेवलं. पुण्याचे एक काका म्हणाले, "अप्पा, ते आईबापांच्या सेवेचं आख्यान होऊन जाऊ द्या. इथं आम्हा सगळ्यांनाच त्याची गरज आहे."

"ते आता नाही जमत. गळा धरतो," म्हणून अप्पांनी कृष्णाच्या गोपाळांचं आख्यान लावलं. पोरं हसून हसून लोळली.

घरी आल्यावर उपरण्याची घडी घालता घालता आई पुटपुटली, "गळ्याला काय धाड भरलीय त्यांच्या! तू गेलीस तेव्हापासून बंद केलंय ते. लेक तिकडं एकटी ऐकंल आणि तिला घास जायचा नाही, म्हणाले. किती गावांची बोलावणी गेली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टच धरला, "अप्पा, मला ऐकवा. आत्ता. मला काही होत नाही."

ते हसले. "लेकीला रडवून मिळणारं पुण्य घेऊन मी कुठं जाऊ गं?" आणि नातवाला घेऊन गाई बघायला निघून गेले.

गेल्या थंडीत अप्पा गेले. आपल्या सगळ्यांच्या पोटात जी भीती असते, तीच माझ्या वाट्याला आली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्याला कीर्तन ठेवलं होतं. त्यांना तबल्याची साथ करता करता त्यांच्याच हाताखाली कीर्तनकार झालेले बबनदादा मला विचारायला आले, "ताई, कुठलं आख्यान लावू?"

मी म्हणाले, "आईबापांच्या सेवेचं."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. मी मुलाला घेऊन अगदी पुढं बसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, सगळ्यांदेखत मोठ्यानं रडले. खरं सांगते, कुणी मला बोल लावतंय असं एकदाही वाटलं नाही. असा बाप मला मिळाला, यानंच ऊर भरून आला होता.

नंतर बबनदादा जवळ येऊन बसले. "ताई, हे आख्यान अप्पांनी मला शिकवलं, पण कुठंच लावू दिलं नाही. म्हणायचे, माझी लेक गावाकडं येऊन स्वतः मागंल, त्या दिवशी लाव."

आता आई बेस्टला माझ्याजवळ असते. म्हशी विकल्या, गावच्या घराला कुलूप आहे. तरी घर कुठलं असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून गावाचंच नाव निघतं. तिथं माझी वाट पाहिलेली आहे.