चिंगीवरचं ओलं फडकं

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तुम्ही माझ्या घरचे नाही, म्हणूनच बहुतेक जीभ उचलतेय. आणि ऐकायला तरी काय मोठं आहे? एका पाखराला झोपवण्याची गोष्ट.

आम्ही भद्रावतीचे. सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, चंद्रपूरहून एक बजी आणली. बाजारात सगळे लव्हबर्ड म्हणतात ना, ती. हिरवी, पिवळ्या डोक्याची, मूठभर. नाव चिंगी. बाबा रिटायर मास्तर, स्वभावाने गरीब. मी उलट — तोंडाने फटकळ. खाणीवरच्या मुलांचे डबे करायची, पहाटेपासून चुलीशी. मला कुठली पाखराची हौस!

चिंगीला झोपवायचं म्हणजे बाबांचा सोहळाच असे. दिवेलागण झाली की पिंजरा कुलरच्या वाऱ्यातून उचलून स्वयंपाकघराच्या बोळीत न्यायचे. सासूबाईंच्या जुन्या पातळाचं फडकं तीन बाजूंनी टाकायचे, चौथी बाजू झिरोच्या बल्बकडे उघडी. मग नखाने पिंजऱ्यावर टकटक करून म्हणायचे, "झाली वं रात, चिंगे. झोप आता." ती वरच्या दांडीवर चढायची, अंग फुगवायची, एक पाय पोटात घ्यायची आणि चोच घासत बारीक कुरकुर करायची. ती कुरकुर ऐकली की मगच बाबा जेवायला बसत. "पोटच्या पोरांचं तरी एवढं केलं का हो?" मी म्हणायची. ते हसायचे.

मे महिन्यात बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला, नणंदेकडे गेले. पिशवी हातात घेऊन दारात थांबले आणि म्हणाले, "बाई, तिले राती कुलरसमोर नको ठेवजो. वारं बाधते तिले. अन् एक बाजू उघडी राहू देजो, अंधारात भेते ते." मी हो हो म्हटलं. ऐकलं होतं मी. चांगलं ऐकलं होतं.

बाबा नाहीत म्हटल्यावर चिंगी झोपेना. सांज झाली की नुसता कलकलाट. एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. दिवसभर चुलीपुढे भाजून निघालेली, अंगाची लाही लाही. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट गेली की लेकरांच्या अंगावर ओली चादर टाकतात, लेकरं गपकन झोपतात. मी तेच केलं. फडकं बादलीत बुडवलं, अर्धवट पिळलं, चारही बाजूंनी टाकलं आणि पिंजरा सरळ कुलरपुढे ठेवला. चिंगी गप्प झाली. तिला गारवा मिळावा म्हणून केलं का? — नाही. गप्प बसावी म्हणून केलं.

सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पडली होती, कडक होऊन.

आमचे हे ड्युटीवर होते. मी तिला मागच्या पेरूच्या झाडाखाली पुरलं, एसटीने चंद्रपूर गाठलं आणि तसलीच दुसरी चपलेच्या खोक्यात घालून आणली. ह्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांना पाखरू म्हणजे पाखरू. इथवर झालं ते झालं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा तसंच म्हटलं होतं.

मग बाबा आले. काळा चष्मा लावून आधी पिंजऱ्यापाशीच गेले. संध्याकाळी बोळीत पिंजरा, फडकं, टकटक, सगळं जसंच्या तसं. आणि ती नवी बया जाळीवर धडका मारत सुटली. बाबा किती वेळ उभे होते! "काऊन वं चिंगे? मले ओळखत नाई? सोडून गेलो म्हणून रुसली?" रोज संध्याकाळी हेच. पाखराची माफी मागायचे हो. मी पलीकडे पोळ्या लाटत असायची.

एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "सूनबाई, हे आपली चिंगी नाई. आपली झोपताना कुरकुर करे. हे नाई करत. अन् हिची मान जास्त पिवळी आहे."

तेव्हा सांगता आलं असतं. बाबा रागावले नसते, रडले असते फार तर. मी काय बोलले सांगू? "बाबा, ऑपरेशन डोळ्याचं केलं की डोक्याचं?" सगळे हसले. बाबाही हसले. मी वर म्हटलं, इतकी वर्षं तुम्हाला धड दिसतच नव्हतं, आता खरा रंग दिसला. आणि कुरकुर? ती तर आपली चिंगी कधीच करत नव्हती.

कधीच करत नव्हती, असं म्हटलं मी.

त्यानंतर बाबा बदलले. गोळी घेतली का मी, असं दोनदा विचारू लागले. कुलूप लावून परत येऊन बघायचे. कोण नाही विसरत त्या वयात? पण ह्यांना काळजी वाटली की मीच म्हणायची, "अहो, त्या चिंगीचं नाही का, तसंच." विहारात पौर्णिमेला वंदना बाबाच घ्यायचे, सगळी वस्ती त्यांच्यामागून म्हणायची. ते त्यांनी सोडलं. "माझं काई खरं नाई आता, मधातच चुकीन," म्हणाले आणि मागे भिंतीला टेकून बसू लागले. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे शील मी त्यांच्या पुढ्यात हात जोडून म्हणत होते. आवाज कापला नाही माझा.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. त्याआधी काही दिवस, मी पेज भरवत होते, घरात दोघंच. त्यांनी माझा हात धरला. "बाई, खरं सांगजो. मी नागपूरहून आलो, तवा हे चिंगी आपलीच होती ना?"

रागवायला त्यांच्यात जीव उरला नव्हता. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. कसली भीती होती मला? कसलीच नाही. मी म्हटलं, "हो बाबा, आपलीच."

त्यांनी मान हलवली. "मंग माझंच डोकं गेलं होतं," म्हणाले, आणि पुढचा घोट घ्यायला तोंड उघडलं.

त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. मी चमचा पुढे केला.